खोकी उघडण्याआधीच मी चलनावर सही केली

शाळेतल्या ग्रंथपालाचा जून महिना कसा जातो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. शाळा उघडली की पाचवी ते आठवीच्या मोफत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे थेट ग्रंथालयात येऊन पडतात. ते वर्गवार मोजायचे, पटाप्रमाणे वाटायचे, कमी पडली तर कळवायचं. नववी-दहावीची पुस्तकपेढी त्याच आठवड्यात. शाळा सोडल्याचा दाखला काढायला आलेले पालक ग्रंथालयाच्या सहीसाठी दारात उभे. मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे, हाताखाली कुणी नाही. हे सगळं पुस्तकं विकायला आलेल्या त्या माणसाला पक्कं माहीत होतं, म्हणूनच तो जूनमध्ये आला.

गेल्या वर्षीची गोष्ट. चाळिशीचा, नीटनेटका, गोड बोलणारा. हातात छापील यादी, वर मोठ्या अक्षरांत ‘शासनमान्य’. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे तो शब्द दिसला की मन निर्धास्त होतं. मी एकही नाव मूळ यादीशी ताडून पाहिलं नाही. 180 बालपुस्तकं, छापील किंमत 45,000 रुपये, 40 टक्के सूट. आमच्याकडे दहावीच्या एका जुन्या तुकडीने स्नेहमेळाव्यात दिलेली 30,000 रुपयांची देणगी पडून होती. मुलांसाठीच दिली होती ती. मला वाटलं, याहून चांगला उपयोग कुठला?

चार दिवसांनी माल आला तेव्हा माझ्यासमोर सातवीचा वर्ग पुस्तकांसाठी रांगेत उभा होता. त्याने एक खोकं स्वतःच्या हाताने उघडलं. वरची पुस्तकं सुरेख होती, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. “मॅडम, बाकीची अशीच आहेत, मला पुढच्या शाळेत जायचंय.” मी चलनावर, म्हणजे माल मिळाल्याच्या कागदावर, सही केली, शिक्का मारला. माझी सही पाहून मुख्याध्यापक सरांनी 28,350 रुपयांचा चेक दिला. तो दुसऱ्याच दिवशी वटला.

उरलेली खोकी मी जुलैत, ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवतो त्या दाखल नोंदवहीत चढवायला उघडली. दाखल क्रमांक टाकताना एका पुस्तकावरचं किमतीचं स्टिकर हाताला जाड लागलं. ओल्या फडक्याने पुसून नखाने सोललं. खाली छापलेली किंमत 40 रुपये, वर चिकटवलेली 250. मग मी एकेक सोलत बसले. संध्याकाळपर्यंत नखं दुखायला लागली.

मग आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहिले. पाच वेगवेगळ्या पुस्तकांवर एकच 13 आकडी क्रमांक होता, आणि तोही खोटा. दुसरा, चौथा असा एकाआड एक आकडा 3 ने गुणून सगळ्या आकड्यांची बेरीज केली, तर तिला 10 ने पूर्ण भाग जावा लागतो. इथे 4 उरत होते. हे मला येत होतं, फक्त वेळेवर केलं नाही.

त्याआधी वरच्या खोक्यातली काही पुस्तकं मी वाटली होती. सहावीतली एक मुलगी त्यातलं एक परत घेऊन आली. “मॅडम, यात गोष्ट पुढे जातच नाही.” पानं 17 ते 32 दोनदा शिवलेली, 33 ते 48 नाहीतच. एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) दोनदा आणि पुढचा गायब, म्हणजे छापखान्याने बाद केलेला माल.

आणि बिल! त्यावर 27,000 रुपये आणि 5 टक्के जीएसटीचे 1,350 असं स्वच्छ लिहिलं होतं. छापील पुस्तकांवर जीएसटी नसतो. पुस्तकांच्या बिलात कर लावलेला दिसला की तिथेच थांबा आणि चेक लिहू नका. आमच्याकडे मी, सर आणि लिपिक अशा तिघांनी ते बिल पाहिलं, तिघांच्याही नजरेतून सुटलं.

त्याचा फोन बंद. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र परत आलं. पोलीस ठाण्यात अर्ज दिला तेव्हा हवालदारांनी चलनावरची छापील ओळ मला वाचून दाखवली: ‘माल मोजून, तपासून, चांगल्या स्थितीत मिळाला.’ खाली माझी सही. त्या ओळीकडे मी तेव्हा पाहिलंही नव्हतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेतल्या ग्रंथपाल ताईंशी बोलले, तर त्यांच्याकडेही त्याच आठवड्यात तसाच माणूस, तशीच यादी. त्यांनी “पुस्तकं तपासेन, मगच सही, मगच चेक” एवढंच सांगितलं, तर तो खोकी गाडीतून न उतरवताच निघून गेला.

आता चलनावर मी स्वतःच्या हाताने लिहिते: ‘बंद खोकी मिळाली, आतील माल तपासलेला नाही.’ खरे विक्रेते याला हरकत घेत नाहीत, गेल्या वर्षभरात एकानेही घेतली नाही. 180 पैकी 41 पुस्तकं मुलांना देण्यासारखी निघाली. बाकीची स्टिकरांसकट पुरावा म्हणून कपाटात ठेवली आहेत. देणगी देणाऱ्यांना मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ते एक शब्द वावगं बोलले नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.