आखूड व्हर्टिकल: बुडाशी कॉइल की शेंड्याला हॅट?

७.१ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबीची व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना, सुमारे १० मीटर उंच होते. ५ मीटरमध्येच भागवायचे असेल, तर बुडाशी लोडिंग कॉइल घालावी लागते किंवा शेंड्याला आडव्या तारांची कपॅसिटन्स हॅट बसवावी लागते. रेझोनन्स, म्हणजे अँटेना हव्या त्या वारंवारतेला जुळणे, दोन्हींनी साधतो. निवड करताना पाहायचा तो प्रारण रोध (ज्यात गेलेली शक्ती रेडिओ लहरी होऊन बाहेर पडते), कारण ट्रान्समीटरची शक्ती हा रोध आणि जमीन व कॉइल यांचे तोट्याचे रोध यांत वाटली जाते.

पूर्ण उंचीला प्रारण रोध ३६ ओहमच्या आसपास असतो. बुडाशी कॉइल असलेल्या ५ मीटर अँटेनात विद्युतधारा वर जाताना जवळजवळ सरळ रेषेत घटत शेंड्याशी शून्य होते, त्यामुळे हा रोध साडेपाच ओहमपर्यंत उतरतो. हॅट असल्यास धारा शेंड्यापर्यंत बऱ्यापैकी टिकते आणि त्याच उंचीत सुमारे १७ ओहम मिळतात. जमिनीचा तोटा १० ओहम व कॉइलचा २ ओहम धरल्यास पहिल्या रचनेची कार्यक्षमता जेमतेम ३२ टक्के भरते आणि दुसरीची ६३ टक्के, म्हणजे फरक ३ डेसिबलचा. शिवाय १०० वॅटला त्या कॉइलवर सुमारे ९०० व्होल्ट येतात आणि ११ वॅटच्या आसपास शक्ती तिथेच उष्णतेत जाते. बारीक तारेची कॉइल करणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे.

एसडब्ल्यूआर (अँटेना व केबल यांचा मेळ किती जमला ते दाखवणारे प्रमाण) उत्तम दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. जमिनीचा तोटा वाढला की अँटेनाच्या बुडाशी मोजलेला रोध केबलच्या ५० ओहमकडे सरकतो आणि अँटेना चालते तो वारंवारतेचा पट्टाही रुंद भासतो, मात्र सिग्नल पडतो.

कॉइल मधोमध बसवणे ही तडजोड आहे: प्रारण रोध वाढतो, पण इंडक्टन्स जवळपास दुप्पट लागतो आणि वजन वर जाते.

माझा कौल हॅटला आहे, जागा आणि वारा या तिच्या अडचणी गृहीत धरूनही. तारा समोरासमोर व सारख्या लांबीच्या ठेवल्यास त्यांचे आडवे प्रारण बरेचसे रद्द होते. त्याच तारा ताणदोर म्हणून फार खाली उतरवल्या, तर त्यांतली धारा मुख्य दांड्याच्या विरुद्ध काम करते आणि कमावलेला रोध पुन्हा घटतो.

अँटेना वारंवार उतरवायची असेल किंवा टॅप (कॉइलवरील जोडणीची जागा) बदलून अनेक बँड हवे असतील, तर बुडाची कॉइलच सोयीची. मग रेडियल, म्हणजे बुडापासून जमिनीवर पसरलेल्या तारा, वाढवावेत: जमिनीचा तोटा ५ ओहमवर आणल्यास तिची कार्यक्षमता ४४ टक्क्यांपर्यंत चढते.