मूळ गोष्ट की मवाळ आवृत्ती? आठ ते बारा वर्षांच्या वाचकासाठी निवडताना

एकाच गोष्टीची दोन पुस्तकं हातात आहेत. एक मुळाबरहुकूम, दुसरं 'खास मुलांसाठी'. या दुसऱ्यात नेमकं काय बदललंय ते आधी पाहावं. नुसती भाषा सोपी केली असेल तर वाचताना अडखळणाऱ्या मुलासाठी ते खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही. पण बऱ्याचदा भाषेबरोबर मरण, भीती आणि अन्यायही गाळलेले असतात, आणि मुखपृष्ठावर फक्त 'संक्षिप्त' एवढंच छापलेलं असतं.

डॅनिश लेखक अँडरसनची जलपरीची गोष्ट (१८३७) घ्या. मूळ कथेत स्वतःचा जीव वाचवायला तिला, जिच्या मनात तो भरलेला असतो त्याच राजपुत्राला मारावं लागणार असतं. ती सुरी फेकून देते, समुद्राचा फेस होते आणि मग हवेतल्या आत्म्यांमध्ये जाते. मवाळ आवृत्त्यांत दोघांचं लग्न लागतं. दुःख गेलं खरं, पण त्याबरोबर तिचा निर्णयही गेला, आणि गोष्ट तर त्या निर्णयाचीच होती. दहा वर्षांच्या मुलाला हा शेवट झेपतो. रडू येईल, पण रडू येणं म्हणजे इजा होणं नव्हे. इथे मूळच घ्यावं.

जर्मन लोककथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंच्या बाबतीत मात्र मी इतका ठाम नाही. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. पुढे ती सावत्र झाली. शेवटी तिला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात, ती शिक्षा मात्र कायम राहिली. मोठ्यांना जोडे खटकतात. मुलं ती शिक्षा बहुधा सहज पचवतात, कारण दुष्टाला शासन झालं की त्यांचा हिशेब पुरा होतो. सख्खी आईच जिवावर उठणं हे लहानग्याला जास्त जड. त्यामुळे आठच्या आतबाहेरच्या मुलासाठी सावत्र आईची आवृत्ती बरी. (सावत्र आयांवर पिढ्यान्पिढ्या अन्याय झाला, ते वेगळं.)

चित्रांकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. शब्द वाचताना मूल आपल्या कुवतीइतकंच डोळ्यांपुढे आणतं. चित्र ती मुभा देत नाही. म्हणून पुस्तक चाळताना आधी चित्रं पाहा. अंगावर येणाऱ्या चित्रांची मवाळ आवृत्ती साध्या मूळ पुस्तकापेक्षा जड जाऊ शकते.

युद्धाच्या किंवा छळाच्या खऱ्या हकिकती असतील तर लेखक जखमेपाशी किती रेंगाळतो, आणि त्या प्रसंगात मुलाच्या बाजूचं कुणी आहे का, हे दोन पाहिलं की बरंचसं कळतं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर मात्र मरणाची गोष्ट टाळायची की मुद्दाम द्यायची, हे आपण ठरवू नये. दोन्ही पुस्तकं समोर ठेवावीत. मुलाने शेवटचं पान आधी उघडून पाहिलं, तर पाहू द्यावं.