ओढ्याच्या पाण्याची संप्रेरक-तपासणी: ‘आढळले नाही’ म्हणजे नेमके काय?

सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या खालच्या अंगाला वाहणाऱ्या ओढ्यात संप्रेरकांसारखी वागणारी रसायने उतरतात का, हे जाणून घेण्यासाठी मी एका प्रयोगशाळेची तपासणी सेवा दोनदा घेतली. नमुना गोळा करण्याची त्यांची व्यवस्था चोख आहे: गडद तपकिरी काचेच्या बाटल्या, बर्फाची पेटी आणि सोप्या भाषेतील सूचना. माझा आक्षेप अहवालावर आहे.

पहिल्या अहवालात गर्भनिरोधक गोळ्यांमधील इथिनिलइस्ट्राडायॉलपुढे ‘आढळले नाही’ एवढेच लिहिले होते. विचारल्यावर कळले की लिटरमागे 10 नॅनोग्रॅमपेक्षा कमी मात्रा त्यांच्या पद्धतीला ओळखताच येत नाही. कॅनडातील एका प्रायोगिक तळ्यात 2001 ते 2003 या काळात हेच द्रव्य लिटरमागे 5 ते 6 नॅनोग्रॅम राहील अशा बेताने सोडले, तेव्हा नर माशांत मादीची लक्षणे उमटली आणि फॅटहेड मिनो हे छोटे मासे तेथून जवळजवळ नामशेष झाले. त्या तळ्याचे पाणी या सेवेकडे पाठवले असते, तरी अहवाल निर्दोषच आला असता.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. तपासणी केवळ मूळ द्रव्यांची होते, विघटनानंतर उरणाऱ्यांची नाही. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट या डिटर्जंटमधील रसायनाचे विघटन होऊन उरणारे नोनिलफिनॉल मूळ रसायनाहून अधिक प्रमाणात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागते आणि गाळात दीर्घकाळ टिकते. शरीराने निष्क्रिय करून लघवीवाटे टाकलेली संप्रेरकेही सांडपाण्यातील जिवाणू पुन्हा मोकळी करतात. गुरांच्या वाढीसाठी काही देशांत वापरल्या जाणाऱ्या ट्रेनबोलोनची गोष्ट तर विलक्षण आहे. ते उन्हात झपाट्याने नाहीसे होते, परंतु त्यापासून बनलेली काही द्रव्ये अंधारात पुन्हा मूळ रूपात परततात, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. आणि या सेवेच्या सूचनापत्रात नमुना दुपारी घ्यावा असे छापले आहे!

दुसऱ्या वेळी मी उजाडण्यापूर्वीचे पाणी आणि तळचा गाळ घ्यायला लावला, नोनिलफिनॉलचा समावेश करवला आणि यीस्ट पेशींवरील चाचणीही मागितली. रसायनांची नावे ठाऊक नसली तरी पाण्याचा एकत्रित इस्ट्रोजेनसदृश परिणाम तीत दिसतो. कर्मचाऱ्यांनी हे सारे आस्थेने केले आणि तो अहवाल खरोखर उपयोगी ठरला. मात्र यांपैकी एकही पर्याय त्यांच्या अर्जात नाही. ही सेवा घेणाऱ्याने ते स्वतः मागावेत, आणि प्रत्येक द्रव्याची किमान ओळखमर्यादा नमुना देण्यापूर्वीच लेखी घ्यावी.