व्हेनिसला मुक्काम कुठे करावा: बेटावर की मेस्त्रेत?

व्हेनिसचं हॉटेल शोधायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "मेस्त्रेत खोली बरीच स्वस्त आहे, दहा मिनिटांची तर ट्रेन." दुसरा म्हणतो, "एवढे पैसे खर्चून व्हेनिसला जायचं आणि झोपायचं मेस्त्रेत?" नुसत्या दरांवर हा वाद मिटत नाही. व्हेनिसमध्ये दिवसाचे नेमके कोणते तास घालवणार, हे आधी ठरवा; मग हॉटेल आपोआप ठरतं.

थोडा भूगोल. जुनं व्हेनिस उथळ खाडीतल्या बेटांवर वसलेलं आहे. १८४६ साली रेल्वेचा पूल झाला आणि १९३३ साली रस्त्याचा, तेव्हा ते जमिनीला जोडलं गेलं. पुलाच्या अलीकडे मेस्त्रे: इमारती, बस, ट्राम, सुपरमार्केट असलेलं चारचौघांसारखं शहर. महापालिका मात्र दोघांची एकच. त्यामुळे मेस्त्रेतलं हॉटेल पत्त्यात बिनदिक्कत 'व्हेनेझिया' लिहितं, आणि त्यात खोटं काहीच नसतं. बुकिंग करताना फोटोंपेक्षा पिनकोड बघा. ३०१२१ ते ३०१२५ असेल तर जुनं शहर. ३०१७ ने सुरू होत असेल तर तुम्ही पुलाच्या अलीकडे आहात.

मेस्त्रेची बाजू भक्कम आहे. स्टेशनवरून सांता लुचियाला, म्हणजे बेटावरच्या रेल्वे स्टेशनला, सतत गाड्या सुटतात, दहा-बारा मिनिटं लागतात, तिकीट दीड युरोच्या आसपास. (कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, विसरलात तर टीसी दंड लावू शकतो.) स्टेशनला लागून गेल्या काही वर्षांत मोठी नवी हॉटेलं झाली आहेत. तिथे लिफ्ट असते, चौघांना एका खोलीत झोपता येतं आणि बॅगा उघडून ठेवायलाही जागा उरते. बेटावरच्या जुन्या वाड्यांमधल्या खोल्या देखण्या असतात, पण चिंचोळ्या. आणि लिफ्टचं लिहिलेलं नसेल तर ती नाही असंच समजा. शाकाहाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मेस्त्रेत, विशेषतः स्टेशनजवळच्या व्हिया प्यावेच्या भागात, बांगलादेशी वस्ती मोठी आहे. तांदूळ, डाळ, मसाले, हिरव्या मिरच्या मिळणारी दुकानं तिथे सापडतात. आठवडाभर पिझ्झा-पास्ता खाऊन कंटाळलेल्या आईवडिलांना त्याचं मोल विचारा. रात्री हा भाग जरा कळकट वाटतो, त्यामुळे एकट्याने राहणार असाल तर मुख्य चौकाकडचं, पियाझ्झा फेर्रेत्तोजवळचं हॉटेल बरं. तिथून स्टेशन लांब पडतं, पण पियात्साले रोमाला, म्हणजे बेटावर रस्ता संपतो त्या चौकाला, जाणारी ट्राम आहे.

मग बेटावर जास्तीचे पैसे कशाचे? सकाळी नऊच्या आधीच्या आणि संध्याकाळी सातनंतरच्या वेळेचे. दिवसभराचे पाहुणे सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात. मधल्या वेळात रिआल्तोचा पूल ते सान मार्कोचा चौक या गल्ल्यांमध्ये एखाद्या गर्दीच्या पुलावर चढलात की लोकच तुम्हाला पलीकडे नेऊन सोडतात. जुन्या शहराची लोकसंख्या २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेली. त्यामुळे दिवसा तुम्हाला प्रामुख्याने तुमच्यासारखेच पर्यटक दिसतात. इथे राहणारा माणूस बघायचा तर सकाळी सहा-सातला बाहेर पडायला हवं. गाडी नाही, सायकल नाही, तेव्हा सगळा माल होडीने येतो: दुधाचे क्रेट, हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे, फ्रीजसुद्धा. होडीवरून तो हातगाड्यांवर चढतो. या गाड्यांना पुढे दोन छोटी चाकं जास्तीची असतात. ती पायरीवर टेकवायची आणि मागून उचलून गाडी पुलावर चढवायची. हे एकदा पाहिलं की शहर चालतं कसं ते समजतं. मासळीची आवड असेल तर रिआल्तोचा बाजारही सकाळचाच. रविवार-सोमवार तो बंद असतो, हे मालवणी माणसाने तारखा ठरवतानाच लक्षात घ्यावं.

मेस्त्रेतून हे जमत नाही असं नाही, पण सुट्टीत पहाटे उठून ट्रेन कोण पकडतं? रात्रीचंही तेच. बारानंतर गाड्या जवळजवळ थांबतात, मग रात्रीच्या बसवर विसंबावं लागतं. लहान मुलं असतील तर दुपार हा वेगळाच प्रश्न. बेटावर खोली असेल तर दोन तास झोपवून पुन्हा बाहेर पडता येतं. मेस्त्रेला परत गेलात की बहुधा दिवस संपला.

बेटाची खरी किंमत बॅगा वसूल करतात. शहरात चारशेहून जास्त पूल, आणि बहुतेक पायऱ्यांचे. टॅक्सी म्हणजे मोटरबोट, आणि तिचा दर ऐकून माणूस बॅग डोक्यावर घेईल. जलबसचं, म्हणजे वापोरेत्तोचं, एक तिकीट ९.५० युरो, ते ७५ मिनिटं चालतं. चौघांचे एका खेपेचे ३८ युरो झाले. म्हणून गुडघ्यांची तक्रार असलेलं कोणी बरोबर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सान मार्कोच्या आसपासचं हॉटेल सोडा आणि सांता लुचिया स्टेशनच्या बाजूचा कान्नारेज्यो हा भाग बघा. स्टेशनातून डावीकडे वळलात की लिस्ता दी स्पान्या हा रस्ता गुल्ये पुलापर्यंत सपाट जातो. त्या पुलाच्या अलीकडे हॉटेल मिळालं तर एकही पायरी न चढता चाकांवर बॅग नेता येते. रस्ता पर्यटकी दुकानांचा आहे, सौंदर्य बेताचंच. पण पूल ओलांडला की काही मिनिटांत १५१६ सालची ज्यू वस्ती, आणि तिच्यापलीकडचे कालवे बऱ्यापैकी शांत.

प्रवेशशुल्काचा घोळही समजून घ्या. २०२४ पासून एप्रिल ते जुलैमधल्या ठराविक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून शहर ५ युरो घेतं. आयत्या वेळी पैसे भरणाऱ्यांना २०२५ पासून १० युरो. आपल्या मे महिन्याच्या सुट्ट्या नेमक्या यात सापडतात. महापालिकेच्या हद्दीत मुक्काम असेल तर हे शुल्क माफ, म्हणजे मेस्त्रेवाल्यांनाही माफ. मात्र ऑनलाइन नोंदणी करून माफीचा क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. पादोवा या जवळच्या शहरात राहून व्हेनिस करणाऱ्यांना ही सवलत नाही. पादोवा स्वस्त म्हणून सुचवलं जातं, तेव्हा हेही हिशेबात धरा.

नोव्हेंबर-डिसेंबरात जाणार असाल तर भरतीच्या पाण्याची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये पाणी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढलं होतं. ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या भरतीला खाडीच्या तोंडाशी 'मोसे'चे दरवाजे उभे राहतात. सान मार्कोचा सखल चौक त्याहून छोट्या भरतीतही ओला होतो. तळमजल्यावरची खोली घेऊ नका, एवढी काळजी पुरे.

एकच दिवस असेल, किंवा व्हेनिस हा मिलान आणि फ्लॉरेन्समधला थांबा असेल, तर मेस्त्रे घ्या आणि वाचलेल्या पैशात गोंडोला करा: दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, माणशी नव्हे, अख्ख्या होडीचे. दोन रात्री असतील आणि दोघंच जाणार असाल तर बेट, तेही घासाघीस न करता. तीन रात्री आणि परतीचं विमान पहाटेचं, तर दोन रात्री बेटावर काढून शेवटची मेस्त्रेत घ्या. मेस्त्रे स्टेशनवरून १५ नंबरची बस थेट विमानतळावर जाते; तुमच्या विमानाआधीची बस किती वाजता आहे ते आदल्या संध्याकाळीच पाहून ठेवा.