‘आंतरराष्ट्रीय डायव्हिंग लायसन्स’ नाशिकमधून बुक करताय? आधी हे वाचा

अंदमानच्या सहलीत स्कूबा डायव्हिंगचं ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ जोडून देतो, अशा जाहिराती नाशिकमध्ये बऱ्याच फिरतात. सुट्ट्या जवळ आल्या की जास्तच. मी आणि माझी मैत्रीण त्यातल्याच एका एजंटाकडून फसवलो गेलो. पैसे गेले याचा राग आहेच. पण ज्या कागदाच्या भरवशावर आम्ही १८ मीटर खोल उतरायला निघालो होतो, त्याच्यामागे प्रशिक्षण नावाची गोष्टच नव्हती, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा बेत साधा होता. पाठीवर सॅक, राहायला समुद्राकाठच्या झोपड्या, बेटाबेटांवर जायला सरकारी बोट, आणि हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, मुक्काम करून डायव्हिंग शिकायचं. मी नाशिकच्या सावरकर जलतरण तलावावर पोहणारी, पाण्याची भीती नाही. शिकायचं तर नीट शिकायचं, हे दोघींचं ठरलेलं. एजंट कॉलेज रोडचा, ऑफिस थाटातलं. त्यांना मी स्पष्ट विचारलं, “ही ट्राय डाइव्ह आहे की ओपन वॉटर कोर्स?” ते म्हणाले, “ताई, पूर्ण कोर्स. लायसन्स हातात घेऊनच परत याल. जगात कुठंही डाइव्ह मारा.” पूलमधला सराव एका रविवारी नाशिकमध्येच करून घेऊ, हेही त्यांनीच सांगितलं. एकट्या कोर्सचेच माणशी २२ हजार रुपये घेतले, तेही कंपनीच्या खात्यात अडचण आहे असं सांगून मालकांच्या यूपीआयवर. रविवार आला तेव्हा निरोप मिळाला की तलावाची दुरुस्ती चालू आहे, सराव तिकडे समुद्रातच होईल.

इथे ट्राय डाइव्ह आणि कोर्स यातला फरक सांगायलाच हवा, कारण हा धंदा त्या फरकावरच चालतो. ट्राय डाइव्हमध्ये प्रशिक्षक पूर्ण वेळ सोबत असतो, बहुतेक वेळा त्याने तुम्हाला धरलेलंच असतं. खोली जास्तीत जास्त १२ मीटर. पोहता येत नसलं तरी चालतं. मालवण-तारकर्लीला आपल्याकडचे बहुतेक लोक हेच करून येतात आणि त्यात वावगं काहीच नाही, कारण तिथे त्याला कुणी कोर्स म्हणत नाही. ओपन वॉटर कोर्स ही वेगळीच गोष्ट. पॅडी किंवा एसएसआयसारख्या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग संस्थेचा हा कोर्स साधारण ३ ते ४ दिवस चालतो. थिअरी वाचायची, परीक्षा द्यायची. २०० मीटर पोहून दाखवायचं, १० मिनिटं आधाराशिवाय तरंगायचं. उथळ पाण्यात एकेक कौशल्य पुन्हा पुन्हा घोटायचं: मास्कमध्ये पाणी शिरलं तर बाहेर कसं काढायचं, तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची नळी, निसटला तर कसा शोधायचा, हवा संपली तर जोडीदाराची हवा घेत वर कसं यायचं. मग समुद्रात ४ डाइव्ह. हे सगळं झालं की १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत, प्रशिक्षकाशिवाय, उतरण्याची परवानगी मिळते. या परवानगीमुळेच खोटा कागद इतका घातक ठरतो.

आम्हाला हॅवलॉकला मिळालं ते असं. एजंटाने सांगितलेला माणूस सकाळी भेटला. कंबरभर पाण्यात श्वास कसा घ्यायचा, कान कसे मोकळे करायचे, हाताच्या खुणा कोणत्या, एवढं दाखवलं. मग सिलिंडर मागून धरून त्याने आम्हाला प्रवाळावरून फिरवून आणलं. फोटो काढले. दुपारी हातात रंगीत कागद: ‘ओपन वॉटर डायव्हर’, वर संस्थेचा लोगो, खाली प्रशिक्षकाचा क्रमांक. कोर्स कधी सुरू होणार असं विचारलं तर उत्तर आलं, “हो गया मॅडम, यही कोर्स है.” एजंटाला फोन लावला. तेही तेच म्हणाले, वर “हल्ली फास्ट ट्रॅक असतो” अशी मखलाशी.

खरं काय ते कळलं, तोच कागद घेऊन डाइव्हसाठी दुसऱ्या एका डायव्हिंग सेंटरवर गेलो तेव्हा. तिथल्या प्रशिक्षक ताईंनी कागदाकडे नीट पाहिलंही नाही, सरळ ई-कार्ड मागितलं. खऱ्या कोर्सची नोंद संस्थेकडे होते आणि कार्ड थेट शिकणाऱ्याच्या ईमेलवर येतं. आमचा ईमेल तर कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी संस्थेच्या वेबसाइटवर तो प्रशिक्षक क्रमांक टाकला. तो कुणाचाच निघाला नाही. मग त्यांनी विचारलं, “पाण्याखाली मास्क पूर्ण काढून परत घातलाय कधी?” आम्ही नाही म्हणालो. त्यांनी डाइव्हला नकार दिला, आणि आमच्याकडून एक रुपयाही न घेता, आमचं काय राहिलंय ते बसून समजावलं. अंदमानात असे चांगले लोकही आहेत, त्यामुळे तिथे जाऊच नका असं मी कुणालाच सांगणार नाही.

त्याच गप्पांत माझ्या मैत्रिणीचा दमा निघाला. डाइव्हच्या आधी आरोग्याचा एक फॉर्म भरायचा असतो. दमा, हृदयविकार, कान-सायनसचा त्रास, शस्त्रक्रिया, सगळं त्यात विचारलेलं असतं, आणि ‘हो’ असं उत्तर असेल तर डॉक्टरांची सही लागते. तिने एजंटाच्या त्या माणसाला सकाळीच दम्याचं सांगितलं होतं, बॅगेतला पंपही दाखवला होता. त्यावर तो म्हणाला, “सब में नो लिख दो, नहीं तो डॉक्टर का चक्कर पड़ेगा.”

१० मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना फुगत फुगत दुप्पट जागा मागते. म्हणून डायव्हिंगमधला पहिला नियम, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दम्यात श्वासनलिका आकसली तर हवा आतच अडकू शकते, माणसाने श्वास रोखलेला नसला तरी. फुप्फुस फाटण्याचा धोका असतो तो तिथे. हे त्या ताईंनी सांगितलं तेव्हा मैत्रीण कितीतरी वेळ बोलली नाही. तिचं नशीब म्हणून त्या दिवशी काही झालं नाही. त्या माणसाने तिचा जीव पणाला लावला होता, आणि कशासाठी, तर डॉक्टरकडे जाण्यात त्याची सकाळ वाया जाऊ नये म्हणून.

नंतर एजंटाने आखलेलं वेळापत्रक पुन्हा पाहिलं तेव्हा त्यातही लबाडी दिसली. कोर्ससाठी एकच सकाळ, संध्याकाळी पोर्ट ब्लेअरची बोट, दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास थांबायला सांगतात, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणजे त्या वेळापत्रकात खरा कोर्स बसणं शक्यच नव्हतं. आखणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत हे जरूर तपासा: कोर्सला ३ दिवस तरी मोकळे आहेत का, शेवटची डाइव्ह आणि विमान यात पूर्ण एक दिवस आहे का. आणि पैसे देण्याआधी सेंटरचं नाव आणि प्रशिक्षकाचा क्रमांक लेखी मागा, तो संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. खरा कोर्स असेल तर थिअरीचं ऑनलाइन खातं सहसा तुमच्या नावाने उघडतं, तेही तुम्ही प्रवासाला निघण्याच्या आधीच. “तिकडे गेल्यावर कळेल” असं उत्तर आलं तर उठून बाहेर या.

नाशिकला परतल्यावर एजंटाने आधी हात वर केले. “आम्ही फक्त बुकिंग करतो, तिकडच्या माणसाशी बोला.” पावतीवर ‘अंदमान पॅकेज व ॲक्टिव्हिटी’ एवढंच छापलेलं, कोर्सचा शब्द नाही. पण ‘पूर्ण कोर्स, लायसन्ससकट’ असं त्यांच्याच आवाजातलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं आमच्याकडे आहे, यूपीआयची नोंद आहे, तो खोटा कागद आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केल्यावर त्यांचा सूर बदलला. निम्मे पैसे परत देतो म्हणाले, पण सोबत ‘आमची काहीही तक्रार नाही, सेवा समाधानकारक होती’ असं लिहून मागितलं. मैत्रिणीने ते पत्र तिथेच टेबलावर ठेवलं आणि आम्ही निघालो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे अंदमानला खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आम्ही नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. आरोग्याच्या फॉर्मची प्रत मात्र त्या माणसाने आम्हाला दिलीच नाही, आणि आमच्या कागदांत सगळ्यात मोठी उणीव तीच आहे. तुम्ही जाल तेव्हा सही करण्याआधी त्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा.