बिएईची एकांडी झाडे: रस्त्यावरूनच पाहावीत अशी

होक्काइदो बेटाच्या मध्यभागी बिएई नावाचे गाव आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास, व्यवसाय शेतीचा आणि प्रसिद्धी मात्र झाडांची. तीही रानातल्या नव्हे, तर शेतांच्या कडेला किंवा थेट मधोमध एकट्याने उभ्या असलेल्या, स्वतःचे नाव लाभलेल्या मोजक्या झाडांची. जुलैच्या मध्यावर आई जपानला आली असताना आम्ही तेथे दोन दिवस राहिलो. पहिल्या दिवशी मी एकटीने सायकलवरून आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी टॅक्सीने ही झाडे पाहिली. एवढा प्रवास करून झाडे पाहायला जावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ‘जरूर जावे’ असेच आहे. मात्र सर्वांत गाजलेले झाड सर्वांत चांगले निघेल, ही अपेक्षा ठेवू नये.

असाहिकावा शहराहून फुरानो मार्गावरची छोटी रेल्वेगाडी साधारण पस्तीस मिनिटांत बिएईला पोहोचवते. स्थानकाची इमारत स्थानिक दगडाची असून तिच्यासमोरच सायकली भाड्याने मिळतात. येथे साधी सायकल घेण्याचे धाडस करू नये. नकाशावर सपाट दिसणारा भाग प्रत्यक्षात एकामागून एक येणाऱ्या टेकड्यांचा आहे आणि प्रत्येक उताराची परतफेड पुढच्या चढावर करावी लागते. मी बॅटरीची सायकल घेतली, पण दुकानदाराने ती अर्धीच चार्ज केलेली दिली हे माझ्या ध्यानात तिसऱ्या चढावर आले. पुढचे दोन चढ ते जड धूड हाताने ढकलत नेले. निघण्यापूर्वी बॅटरीचा आकडा स्वतः पाहून घ्यावा.

वायव्येच्या बाजूला लागणारे पहिले नामांकित झाड म्हणजे ‘केन आणि मेरीचे झाड’, एक तीसेक मीटर उंचीचा पॉप्लर. १९७२ साली निसानच्या स्कायलाइन मोटारीच्या जाहिरातीत तो झळकला आणि जाहिरातीतल्या जोडप्याचे नाव त्याला कायमचे चिकटले. झाड देखणे आहे, यात शंका नाही. पण शेजारी गाड्या उभ्या करण्याची जागा आहे, सहलीच्या बसगाड्या येऊन थांबतात आणि त्या एकांड्या झाडाचा एकांत पुरता संपतो. मी तेथे दहा मिनिटे होते आणि तेवढी पुरली. वारा आला की पॉप्लरची पाने पाऊस पडल्यासारखी वाजतात, तेवढे मात्र डोळे मिटून ऐकण्याजोगे आहे.

तेथून बरेच पुढे ‘सेव्हन स्टार्सचे झाड’ आहे. हा जपानी ओक, ज्याला तिकडे काशिवा म्हणतात. १९७६ साली त्याचे चित्र सेव्हन स्टार्स सिगारेटच्या पाकिटावर छापले गेले. मोटार आणि सिगारेट यांनी झाडांचे बारसे करावे, हा योगायोग मला गमतीचा वाटला. ओकाचा घेर भरदार आणि गोल आहे, पण जुनी छायाचित्रे पाहून जाणाऱ्याला येथे काहीतरी हरवल्यासारखे वाटेल. जवळच रस्त्याकडेला बर्चची एक सुंदर रांग होती. ती सुमारे चाळीस झाडे जानेवारी २०२५ मध्ये तोडण्यात आली. पिकावर पडणारी सावली हे एक कारण होते आणि छायाचित्रांसाठी रस्त्यातच थांबणाऱ्यांची गर्दी हे दुसरे. त्यामानाने ‘मायलेकरांचे झाड’ मला अधिक आवडले. दोन मोठ्या ओकांच्या मध्ये एक छोटा ओक, दूर टेकडीच्या माथ्यावर. जवळ जाण्याची सोय नाही, म्हणून गर्दीही नाही.

या सगळ्या झाडांना खरी शोभा येते ती भोवतालच्या शेतांमुळे. गहू, बटाटा, शुगर बीट आणि कडधान्ये यांची दरवर्षी फेरपालट होत असल्याने टेकड्यांवर गोधडीसारखे तुकडे दिसतात आणि गेल्या वर्षीचे चित्र यंदा जसेच्या तसे सापडत नाही. आम्ही गेलो तेव्हा गहू पिवळा पडू लागला होता आणि बटाट्याला पांढरी, फिकट जांभळी फुले होती. माझी आई सांगलीकडच्या शेतकरी घरातली. टॅक्सीतून उतरल्यावर तिने झाडाकडे पाहिलेच नाही. “अगं, बांध कुठाय? कुणाचं शेत कुठं संपतं, हे कळायचं कसं?” हा तिचा पहिला प्रश्न होता. खरोखरच तेथे बांध नाहीत आणि कुंपणही नाही. हिरव्या पानांचे ते पीक साखरेचे आहे, असे चालकाने सांगितल्यावर तर तिने खाली बसून, रस्त्याच्या कडेवरूनच, बीटाचे एक पान नीट न्याहाळले. उसाच्या मुलखातल्या माणसाला कंदातून साखर निघते हे ठाऊक असले, तरी ती उभी शेतात पाहणे वेगळे.

दुसऱ्या दिवशीचे मुख्य आकर्षण म्हणजे बिबाउशीच्या बाजूचे ‘क्रिसमस ट्रीचे झाड’. जपानी नावातही ‘ट्री’ आणि झाडाला असलेला ‘की’ हा शब्द असे दोन्ही आहेत. आपल्या पिवळ्या पीतांबरासारखेच. हे एकटे स्प्रूस उतरत्या शेताच्या मधोमध उभे आहे. खाली रुंद, वर निमुळते, आणि शेंड्याशी फांद्या अशा फुटल्या आहेत की कोणी चांदणी बसवली असावी असे दुरून वाटते. मोठे म्हणावे असे ते नाही. छायाचित्रांवरून आकाराची कल्पना केलेल्यांची थोडी निराशा होईल. पण त्याच्या आणि आपल्या मध्ये पसरलेले पीक, मागे चढत जाणारी टेकडी आणि वरचे मोकळे आकाश या मापात ते इतके नेमके बसते की माझ्या पसंतीत तेच पहिले आले. आम्ही रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभ्या होतो. ढग सरकला की शेताचा एकेक पट्टा उजळायचा, आणि झाड मात्र बराच वेळ काळेच राहायचे.

आमच्यासमोरच एक गृहस्थ तिपाई घेऊन सऱ्यांमध्ये उतरले. आमच्या चालकाने हॉर्न वाजवून, हात हलवून त्यांना परत बोलावले. प्रवेशबंदीच्या पाट्या अनेक भाषांत लावलेल्या असतात, तरी असे घडते. प्रश्न केवळ तुडवलेल्या रोपांचा नाही. परक्या बुटांना चिकटलेल्या मातीतून सूत्रकृमी, म्हणजे पिकाची मुळे पोखरणारे सूक्ष्म जंत, शेतात येऊ शकतात आणि बटाट्यावरची सूत्रकृमी एकदा जमिनीत शिरली की वर्षानुवर्षे हटत नाही. आपल्याकडच्या डाळिंबवाल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ‘तत्त्वज्ञ झाड’ म्हणून ओळखला जाणारा, किंचित कललेला एक पॉप्लर याच गावात होता. लोक ऐकेनात म्हणून मालकाने त्याच्यावर रंगाने फुलीही मारली होती. झाड म्हातारे होऊन खचत चालले होतेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मालकाने ते पाडले. काही मार्गदर्शक पुस्तिकांत त्याचे छायाचित्र अजून दिसते, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

सायकल की टॅक्सी, याबाबत माझे मत असे की वायव्येकडच्या झाडांसाठी सायकल उत्तम आणि क्रिसमस ट्रीसाठी, विशेषतः सोबत वडीलधारी माणसे असतील तर, तासावर ठरवलेली टॅक्सी बरी. ती स्वस्त पडत नाही, पण कोठे थांबता येते आणि कोठे नाही हे चालकाला पक्के ठाऊक असते. झाडे पाहण्याला शुल्क नाही. हिवाळ्यात क्रिसमस ट्रीचे झाड पांढऱ्या उतारावर एकटे दिसते आणि त्याची बरीचशी प्रसिद्ध छायाचित्रे त्याच दिवसांतली आहेत. मात्र तेव्हा रस्ता कोठे संपला आणि शेत कोठे सुरू झाले हे बर्फामुळे कळत नाही, आणि त्या बर्फाखाली शरद ऋतूत पेरलेला गहू असू शकतो.

खाण्यापिण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाची थोडी पंचाईत होते. स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर शेतकरी सहकारी संस्थेचे ‘बिएई सेन्का’ हे दुकान आहे. आम्हाला तेथे पाव, दूध आणि भाज्या मिळाल्या. आईला तिथला बटाटा घेऊन भाजी करून पाहायची होती, पण जुलैत तो अजून जमिनीतच होता. नवा बटाटा हवा असेल तर ऑगस्टच्या अखेरीनंतर जावे. तोवर गहू मात्र कापून झालेला असतो.