पाट्यावरची फोर बाय फोर पिकअप, सातारचा पावसाळा आणि ग्रीस गन

गाडी घेऊन वर्ष होत आलं, म्हणजे एक पूर्ण पावसाळा, एक ऊसतोडीचा सीझन आणि वर उन्हाळ्याची धूळ खाऊन झालीय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. सेकंड हँड डबल केबिन पिकअप आहे, डिझेल, पार्ट टाईम फोर बाय फोर (म्हणजे लिव्हरनं गरजेपुरती चारी चाकं जोडायची), मागं पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. कंपनी-मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मी माणसं ब्रँडवरनंच भांडत बसतात आणि तसंही पुढचं बरंचसं पाट्यावरच्या कुठल्याही फोर बाय फोरला लागू पडतंय. घर साताऱ्यात, कामासाठी बामणोलीकडं जाणं-येणं आणि सासुरवाडी पलूसच्या बाजूला. एकीकडं लाल चिकट माती अन् जांभा, दुसरीकडं कृष्णाकाठचं काळं रान. दोन्हीकडं गाडीचं वेगवेगळं दुखतं.

सगळ्यात जास्त वसूल झालेली वस्तू सांगू का, ग्रीस गन. हसू नका. सर्व्हिसच्या बिलावर ग्रीसिंग छापून येतं पण खाली वाकून बघितलं तर निप्पलवर (ग्रीस आत घालायच्या तोंडावर) वाळलेला चिखल जसाच्या तसा, म्हणून शेवटी स्वतःच गन घेतली. प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडनं एक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे, स्लिप जॉइंट, आणि शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसिसला धरणाऱ्या कडीच्या) पिनेला निप्पल असेल तर तिथं. आधी निप्पल फडक्यानं पुसायचा, नाहीतर ग्रीसबरोबर माती पण आत. मग क्रॉसच्या चारी टोप्यांतनं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायचा, तीनमधनं आलं आणि चौथीतनं नाही आलं तर त्या बाजूचं बेअरिंग कोरडं चालतंय असं समजा. रिव्हर्समधनं पहिल्या गिअरला घेताना खालनं टक्क आवाज येत असेल तर पहिला संशय क्रॉसवरच घ्यायचा. ओढ्यातनं गाडी काढली की त्याच आठवड्यात परत ग्रीस, कारण आत गेलेलं पाणी नव्या ग्रीसनंच बाहेर निघतं.

ओढ्यावरनं आठवलं, डिफरेन्शियलचा (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचा) ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं भोक. घाट चढून एक्सल तापलेला असतो, तसाच गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ती ब्रीदरमधनं, नाहीतर ऑईल सीलमधनं पाणी ओढून घेते. ऑईल दुधाच्या चहासारखं झालेलं दिसलं की समजायचं पाणी गेलंय, मग ते ऑईल ताबडतोब काढायचं, सर्व्हिसची वाट बघायची नाही. मी मागच्या एक्सलच्या ब्रीदरला रबरी पाईप लावून तो हौद्याच्या पुढच्या बाजूला उंच बांधून घेतला, पुढच्याचा इंजिनच्या वर. खर्च अगदी किरकोळ, मिस्त्रीला वेळ अर्धा तास. पावसाळ्यानंतर दोन्हीकडचं ऑईल काढून बघितलं, स्वच्छ होतं. माझ्या मते स्नॉर्केलच्या (इंजिनची हवा छताजवळनं घेणाऱ्या पाईपच्या) आधी हे करायचं, स्नॉर्केल इंजिन वाचवतो पण एक्सलला त्याचा काही उपयोग नाही.

आता टायर, यावर थोडं जास्त लिहितो. कंपनीचा साईज 235/70 आर 16 आणि सगळे म्हणत होते 245/75 टाक, रुबाब येतो. हिशोब मांडला तर टायरचा व्यास सुमारे 735 मिलीमीटरवरनं 774 वर जातो, म्हणजे 5 टक्के मोठा, आणि गाडी खालनं उचलली जाते फक्त 19 मिलीमीटर. मीटरवर 80 दिसताना गाडी खरी 84 नं पळणार, किलोमीटर कमी मोजले जाणार, म्हणून "मोठे टायर टाकले अन् अॅव्हरेज पडलं" म्हणणाऱ्यांपैकी काहींचं अॅव्हरेज कागदावरच पडलेलं असतं. गिअरिंग लांब होतं आणि घाटात गाडीचा जोर मरतो तो वेगळाच. शिवाय 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वरनं निकाल दिलाय, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायची नाही, उद्या विम्याच्या क्लेमच्या वेळी कुणी बोट दाखवलं तर काय उत्तर देणार. म्हणून साईज तोच ठेवून एटी (ऑल टेरेन) नक्षीचे घेतले.

लाल मातीत, दगडगोट्यात एकदम खूष आहे, साईडवॉल जाड असल्यानं जांभ्याच्या धारेला पण टिकलेत. डांबरावर 70 च्या पुढं घूं घूं चालू होतं, आणि ओल्या घाटात पहिल्या टायरांपेक्षा ब्रेकला अंतर थोडं जास्त लागतं, यवतेश्वरच्या वळणांवर ते जाणवतं. पण पलूसच्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर एटी असो का काही असो, नक्षी मातीनं भरते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथं टायर बदलून उपयोग नाही, रान वाफशावर आल्याशिवाय गाडी आत घालायची नाही, संपलं.

हवेचं मात्र ऐका. पिकअपला दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकामी आणि भरलेली असे दोन आकडे असतात आणि पंपावरचा पोरगा चारी चाकांत एकच मारतो. रिकामा हौदा आणि मागं भरलेल्याची हवा म्हटल्यावर पाटे हलतच नाहीत, गाडी उड्या मारते आणि ओल्या वळणावर मागनं शेपूट हलवते. मी रिकामी असताना रिकामीचा आकडा ठेवतो, खताची पोती टाकायची असली की वाढवतो. चिखलात 20 पीएसआयपर्यंत उतरवतो आणि डांबर लागायच्या आत परत भरतो. त्यासाठी 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर घेतलाय, बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या, लायटर सॉकेटवाल्यानं मोठा टायर भरेपर्यंत जीव जातो, कधी फ्यूज पण.

मिस्त्रीचा लाडका उद्योग म्हणजे गाडी उचलणे. "सायब, मागं लांब शॅकल टाकतो, पुढनं टॉर्शन बार पिळतो, बघा कशी वाघासारखी दिसती." (टॉर्शन बार म्हणजे पुढं स्प्रिंगचं काम करणारा पिळाचा दांडा.) नको म्हटलं. ज्या पिकअपला मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, तो चेसिस आणि एक्सलमधल्या अंतरावरनं वजन ओळखतो, शॅकलनं मागं उचललं की त्याला हौदा कायम रिकामाच वाटतो आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. टॉर्शन बार पिळला की पुढचे एक्सल तिरके चालतात, रबरी बूट फाटतात. उंची वाढवायची असेल तर पूर्ण किट आणि व्हॉल्व्हची सेटिंग, नाहीतर राहू दे.

मागं ड्रम ब्रेक आहेत. पाण्यातनं निघाल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर चालवायचं, सुकतात. पावसात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, शू चिकटतात, गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायचा.

लाईटवर पैसे घालवायच्या आधी एक सांगतो. कासच्या रस्त्याला धुकं असलं की छतावरची एलईडी बार लावली तर समोर पांढरी भिंतच उभी राहते, उजेड धुक्यावर आपटून डोळ्यात येतो. खाली बंपरजवळ पिवळे फॉग लॅम्प आणि हेडलाईटला रिले टाकून जाड वायर, बल्ब मूळचाच 60/55 वॉटचा. एवढ्यावर उजेडात फरक पडला. आणि कासचा विषय निघालाय तर, पठारावर गाडी घालून रील काढणाऱ्यांनो, 2012 पासून ती जागा जागतिक वारसा आहे, बोटभर मातीत सीतेची आसवं उगवतात तिथं, फोर बाय फोर तुमच्या बापाच्या रानात घाला.

हौद्यातलं रबर मॅट महिन्यातनं एकदा उचलायचंच, खाली पाणी साठून गंज सुरू होतो, कोपऱ्यातली भोकं काडीनं मोकळी करायची. आमच्याकडं चेसिसला जळकं ऑईल फवारायची पद्धत आहे, ते बुशांचं रबर फुगवतं, त्यापेक्षा पावसाळ्याआधी धुऊन, पूर्ण वाळवून अँटी रस्ट मारा. ओल्यावर मारलं तर गंज आतच झाकला जातो. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढणं आणि एअर फिल्टर आतनं बाहेर कमी हवेनं झटकणं, ही दोन कामं कुणालाही येतात. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं मार्च-एप्रिलमध्ये फिरत असाल तर फिल्टर वेळेच्या आधीच बघा.

फोर बाय फोर लिव्हरबद्दल एकच, कोरड्या डांबरावर चार चाकं जोडून वळायचं नाही, मध्ये डिफरेन्शियल नसल्यानं सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. कच्च्या रस्त्यावर मात्र अधनंमधनं लावून थोडं चालवा, नाहीतर ऐनवेळी पुढच्या चाकांना जोडणारा हब लागत नाही.

विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं मशीन) घेऊ का असं बरेचजण विचारतात. मी नाही घेतला. आपल्याकडं हाकेच्या अंतरावर ट्रॅक्टर असतो. फक्त ट्रॅक्टरवाले साखळी आणतात आणि झटका मारतात, ती तुटली तर काच फोडून आत येते. म्हणून जाड पट्टा आणि दोन डी शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) माझेच असतात, चेसिसच्या हुकाला लावायचे, बंपरला नाही, पट्ट्याच्या मधोमध ओलं पोतं टाकायचं आणि बघायला जमलेली पोरं पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब हाकलायची, मग ट्रॅक्टरवाल्याला म्हणायचं, आता ओढा दादा, हळू.